कॉपीचे मूळ परीक्षागृहाबाहेर
(पुणे येथे मुख्याध्यापक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की भरारी पथके आणि दक्षता समित्या यांची चर्चा सुरू होते. ही व्यवस्था आवश्यकच आहे. परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा अधिनियम आपल्या राज्याने १९८२ मध्येच केला. पुढे २०१० च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम नेटाने राबविली. तथापि पथक येते ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. कॉपी मात्र जूनमध्येच रुजलेली असते.

प्रयोगास हात न लावता शेजाऱ्याची प्रयोगवही उतरवून काढली जाते. शिक्षकांना ते दिसते, तरीही सही होते. वर्षभर अशा सह्या मिळालेल्या मुलास खिशातील चिठ्ठी हा अपराध आहे, हे कोणत्या तोंडाने सांगावे?

अंतर्गत गुणांची गोष्ट याहून नाजूक आहे. येथेच शिवाजीनगरला मुख्यालय असलेल्या राज्य मंडळाने २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळांच्या हातातील वीस गुण वगळले. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, हे खरे. पण सारी घसरण त्याच्याच माथी मारता येईल, असे मला वाटत नाही. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. मुलांनी चिठ्ठ्या नेल्या नाहीत, तेथे गुण आपणच मुक्तहस्ते वाटले नाहीत ना?

मूल कॉपी करते ते बहुधा भीतीपोटी. वाचन कच्चे राहूनही ते वरच्या वर्गात येते. नापास झाल्यास घरी काय होईल, याची धास्ती असते. आणि भिंतीवर चढून चिठ्ठी फेकणारा कित्येकदा त्याचाच थोरला भाऊ असतो!

यावर शाळांना पुष्कळ करता येईल. प्रयोगाचे उत्तर चुकले तरी नोंद स्वतःची असल्यास गुण द्यावेत. उतरवलेली वही ओरडा न करता परत करावी, पुन्हा लिहिण्यास आठवडा द्यावा. पाठांतराऐवजी ‘तुमच्या गावची विहीर उन्हाळ्यात का आटते’ असे विचारावे; त्याचे उत्तर गाइडात सापडत नाही.

पंचायत सदस्यांनो, आपण शाळेस निकालाची टक्केवारी विचारता. आठवीतील किती मुले न अडखळता उतारा वाचतात, हेही जूनमध्ये विचारा, डिसेंबरात पुन्हा विचारा. मागे पडलेल्यांसाठी सायंकाळी एक तास वर्ग चालवायचा झाल्यास खोली आणि दिवाबत्तीची सोय पंचायतीला अवघड नाही.