रेडकू पाळून विकणं परवडतं का?



परभणी जिल्ह्यात कुठंही बैठक झाली की शेवटी एखादा तरुण मला बाजूला घेतो. "भाई, लहान वासरं घ्यायची, दोन वर्षं पाळायची आणि मोठी करून खाटकाला विकायची. परवडतं का?" आज सगळ्यांसमोर उत्तर देतो, कारण या विचारापायी घरातले दागिने गहाण पडतात.

आधी कायदा बघू. गाय आणि तिचं वासरू कापायला महाराष्ट्रात १९७६च्या कायद्यानंच बंदी आहे. २०१५ साली वळू आणि बैलही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. म्हणून लाल कंधारी गोऱ्हा पाळायचा तर शेतकऱ्याला औतासाठी विकायला पाळा. कत्तलीसाठी त्याचा विचारही नको.

उरतं म्हशीचं रेडकू. त्यालाही सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. शेतीच्या किंवा पैदाशीच्या कामाला येईल अशा जनावराला तो मिळत नाही.

आता वही काढा. मी धरलेले भाव अंदाजाचे आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला. रेडकू तीन महिने रोज तीन लिटर दूध प्यालं तर २७० लिटर झालं. ५० रुपयांनी त्याचे १३,५०० होतात. गवळी नर रेडकाला आचळाला फार वेळ का लागू देत नाही, ते इथं कळतं. पुढं पंधरा महिने चारा-पेंडीला रोज ५० रुपये धरले तरी २२,५०० झाले. एकूण ३६,००० रुपये. यात रेडकाची किंमत, औषध आणि तुमची मजुरी नाही.

दीड वर्षात ते ३०० किलोचं झालं, तर किलोमागे १२० रुपये आले तरच हा खर्च निघतो. आणि आपल्या बाजारात जनावर काट्यावर नाही, नजरेवर विकलं जातं. ईदचा भाव धरून बसाल तर कुर्बानीला मोठं जनावर दोन वर्षांचं लागतं. म्हणजे आणखी सहा महिने, आणखी ९,०००.

मग कुणालाच परवडत नाही का? ज्याच्या घरी कडबा, सोयाबीनचं भुसकट, तुरीचा भुसा आहे आणि जो दूध सुटलेलं रेडकू घेतो, त्याला परवडू शकतं. शेणखत हा त्याचा वरचा फायदा. सगळा चारा विकत घेणाऱ्यानं मात्र या वाटेला जाऊ नये. त्यानं दोन उस्मानाबादी शेळ्यांपासून सुरुवात करावी. भांडवल कमी लागतं, शेळी पाच महिन्यांत विते आणि बोकडाला गिऱ्हाईक सगळ्या समाजांतून येतं.

वहीत न मावणारा एक खर्च आहे, तो रस्त्यावरचा. गोरक्षणाच्या नावाखाली गाड्या अडवणं आणि मारहाण यांना कंटाळून २०२५च्या पावसाळ्यात कुरेशी बांधवांनी राज्यभर जनावरांची खरेदी बंद ठेवली. तेव्हा बाजारातून भाकड म्हैस परत घेऊन जाणारा माणूस बहुतेक वेळा हिंदू शेतकरी होता. जनावर पाळणारा आणि घेणारा यांचा हिशेब एकाच वहीत आहे, हे त्या वेळी दोघांनाही दिसलं.

म्हणून माझं सांगणं असं. बाजार समितीची पावती घ्या. कानातला बिल्ला तपासा. वाहतुकीची कागदं सोबत ठेवा. कुणी अडवलं तर हात उचलू नका, पोलिसांना बोलवा आणि लेखी तक्रार द्या. ती तक्रार द्यायला एकटे जाऊ नका. ज्याच्याकडून म्हैस घेतली त्या पाटलाला, त्या शिंद्यांना सोबत न्या. कायदेशीर धंद्याला संरक्षण मागणं ही मेहरबानीची याचना नाही, तो नागरिकाचा हक्क आहे.

कर्ज काढण्याआधी ही वही घरात आई-बहिणीसमोर वाचा. त्यांना पटलं तरच बाजाराला निघा.