पिपरहवाची रत्ने



जुन्या वस्तूंच्या लिलावाला आमचा सरसकट विरोध नाही. नाणी, घड्याळे खुशाल विकावीत. परंतु पिपरहवाची रत्ने त्या यादीत कशी गेली, हे समजून घेतले पाहिजे.

१८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने उत्तर प्रदेशातील पिपरहवाचा स्तूप खोदला. दगडी पेटीत अस्थी, करंडक आणि शेकडो रत्ने निघाली. एका करंडकावरील ब्राह्मी लेखात शाक्यांच्या बुद्धाचा उल्लेख होता. अस्थी सयामच्या राजाला दिल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली, आणि काही 'दुबार नमुने' म्हणून पेपे यांच्याकडेच राहिली. सारा घोळ या 'दुबार' शब्दात आहे! अस्थींसोबत श्रद्धेने वाहिलेले दान दुबार कसे?

तीच रत्ने ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगला सोदबीजच्या लिलावात निघणार होती. भारत सरकारने नोटीस बजावली, ठिकठिकाणच्या बौद्धांनी निषेध केला, लिलाव थांबला. जुलैअखेर रत्ने मायदेशी आली, तीही गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेतल्यावर. आनंद झालाच, पण आपलेच दान पैसे मोजून आणावे लागले, हे आम्ही विसरणार नाही. ही रत्ने कलकत्त्याच्या रत्नांसह कायमची एकत्र ठेवावीत आणि दर्शनाला तिकीट नसावे, अशी आमची मागणी आहे.