आकाशाची शिरगणती



आकाशावर बोलावे ते विद्वानांनी. आमचे शिक्षण मोंढ्यातील हमालांच्या अड्ड्यावर झालेले. तथापि आमचा जन्म हजेरीपटाशी भांडण्यात गेला. पटावर नाव नाही, म्हणजे माणूस कामावर नाही, असे मुकादम सांगे. आणि माणूस तर पोते पाठीवर घेऊन समोर उभा असे! आकाशाच्याही अशाच एका पटाची हकीगत आज सांगावयाची आहे.

नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होते, त्या काळची ही गोष्ट. 1887 साली पॅरिसला ज्योतिर्विदांची परिषद भरली आणि साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची नोंद करावयाची, असे ठरले. जगातील सुमारे वीस वेधशाळांनी आकाश पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेतले. नवाब जफर जंग यांनी 1901 साली स्थापिलेल्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे पुढे जो पट्टा आला, तो आकाशाच्या विषुववृत्ताच्या दक्षिणेस 17 ते 23 अंशांचा. 1914 पासून काचेच्या तबकड्यांवर काम चालले. उत्तरेकडील आणखी एक पट्टा धरून साडेसात लाखांवर ताऱ्यांची स्थाने मोजली गेली आणि बारा खंड छापले गेले.

श्रोतेहो, त्या दक्षिणेच्या पट्ट्यात एक अख्खी दीर्घिका उभी होती आणि ती पटावर आली नाही. आपल्या आकाशगंगेची ती उपदीर्घिका, सुमारे 3 लाख 80 हजार प्रकाशवर्षे दूर. पूर्णचंद्राच्या दुपटीहून रुंद जागा ती व्यापते. परंतु तिचा सारा प्रकाश मिळून सूर्याच्या दीड-दोन लाख पट, आणि तोही विरळ पसरलेला. तिचे सर्वांत ठळक तारेसुद्धा त्या मोजणीच्या मर्यादेहून शेकडो पटींनी मंद. यात हैदराबादकरांचा दोष नाही. 2016 साली केंब्रिजच्या ज्योतिर्विदांना चिलीतील दुर्बिणीच्या नोंदींत ती सापडली. चषक तारकासमूहातील म्हणून तिचे नाव चषक-2.

सापडली कशी? बाजारच्या दिवशी मोंढ्यात हजारो माणसे असतात, त्यांत एकाच गावची टोळी पांगलेली असते. नुसते पाहून ती दिसत नाही. मात्र ज्याच्या बोलण्याचा हेल त्या गावचा नाही, त्याला मनातून वगळीत जावे; उरलेले एखाद्या कोपऱ्यात अधिक दाटलेले आढळतात. एकाच अंतरावरील जुन्या ताऱ्यांचा रंग आणि तेज यांचे ठरावीक नाते असते. त्यात न बसणारे तारे वगळावयाचे, उरलेले तुकड्यातुकड्याने मोजावयाचे, आणि गणती कोठे वाढते ते पाहावयाचे. ही मोजणी आता यंत्र करते.

टोळी सापडली, तरी ती दीर्घिका की तारकागुच्छ, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी ताऱ्यांचे वेग मोजतात. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीला आवरणार नाहीत असे वेग असूनही ती फुटली नसेल, तर न दिसणारे द्रव्य तिला धरून आहे, ती दीर्घिका. 2023 साली सप्तर्षी तारकासमूहात साठेक ताऱ्यांचा एक पुंजका नोंदला गेला. त्याच्या ताऱ्यांचे वजन अवघे सोळा-एक सूर्यांचे! तो गुच्छ की दीर्घिका, यावर वाद झडला आहे. वाद फुकाचा नव्हे. 1999 च्या सुमारास गणित म्हणत होते, आकाशगंगेभोवती असे शेकडो सोबती असावेत. ठाऊक होते डझनभर. गणित चुकले की मोजणी? आज साठाहून अधिक ठाऊक आहेत, आणि चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रे 2025 च्या जूनमध्ये आली आहेत. मोजणी पुढे चालूच आहे.

मोजणाऱ्यांचेही ऐका. पॅरिसच्या त्याच योजनेत व्हॅटिकनच्या पट्ट्यातील 4 लाख 81 हजारांवर तारे 1910 ते 1921 या काळात चार ख्रिस्ती साध्वींनी मोजले. एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलोंबो, कोन्चेत्ता फिनार्दी आणि लुइजिया पान्चेरी ही त्यांची नावे जगापुढे आली 2016 साली. चषक-2 सापडली त्याच वर्षी. ताऱ्यांची नोंद आधी झाली, मोजणाऱ्यांची पाऊणशे वर्षांहून उशिरा. आम्हां कामगारांना याचे नवल वाटत नाही, पण राग येतो.

आता घरी जाताना क्षणभर थांबा. या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड केले की हस्त नक्षत्राचा चौकोन दिसतो. त्याच्या वरच्या उजव्या ताऱ्यापासून उजवीकडे, हात लांब करून धरलेली सुमारे चार बोटे मोजा. तेथे डोळ्यांना काहीही दिसणार नाही. हैदराबादच्या तबकडीलाही दिसले नव्हते. पण ती तेथे आहे. पटावर नाव नव्हते, तेव्हाही होती.