गाठ दुखत नाही म्हणून



टीव्हीवरची गोरी बाई गुलाबी रिबीन लावून सांगते, छातीची तपासणी करा. कुठं, किती वाजता, बुडालेला रोज कोण देणार, ते ती बोलत नाही. माझी आई म्हणते, ते आपल्यासाठी नव्हं.

मी म्हणतो, आपल्यासाठीच. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायांचा अभ्यास केला. निम्म्या बायांना आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं. त्यांच्यातल्या पन्नाशीपुढच्या बायांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. महागडं यंत्र नव्हतं. वस्तीत आलेली बाई होती.

जलशानं बाबासाहेब वस्तीवस्तीत नेले. आता जलशातनंच जागा, वार, वेळ सांगा. आणि हेही सांगा: ही गाठ सुरुवातीला बहुतेक दुखत नाही. दुखायची वाट बघू नका!