होडी बंद असतानाची घारापुरी



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर विषय छापून आला तेव्हा दोघातिघांनी मला दांडिया बाजारात गाठून विचारलं, यंदा लेण्यांवर बोलणार का? लेण्यांवर बोलायला आपल्या फाइन आर्ट्सच्या फॅकल्टीत माझ्याहून जाणती माणसं आहेत. मी बोलणार आहे ते त्या बेटावर राहणाऱ्या माणसांविषयी, आणि तेही तिथं पाहुणा येत नाही अशा दिवसांविषयी.

तुमच्यापैकी बहुतेकांनी घारापुरी पाहिलेली आहे. बडोद्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, दादरला नाहीतर गिरगावात मावशीकडे अंघोळ-चहा, मग गेटवे, आणि तिथून तासाभराचा लाँचचा प्रवास. मी पहिल्यांदा गेलो तो १९७४ साली, वडिलांचं बोट धरून. वडिलांनी महेशमूर्तीसमोर आम्हाला अर्धा तास उभं केलं. अठरा फुटांच्या आसपास उंचीची ती मूर्ती मला तेव्हा कळली नाही, आजही पुरती कळली आहे असं म्हणवत नाही. लक्षात राहिली ती पायऱ्यांवर बसलेली एक बाई. तिच्या टोपलीत चिंचा होत्या, आणि आमच्या आईनं तिच्याशी चार आण्यांवरून घासाघीस केली होती. आज ती घासाघीस आठवली की बरं वाटत नाही.

बेटाची ओळख थोडक्यात करून देतो. गेटवेपासून साधारण दहा किलोमीटर, पण कारभार उरण तालुक्याचा, जिल्हा रायगड. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन छोटी गावं, मिळून वस्ती हजार-बाराशेची. पोर्तुगीजांना धक्क्याजवळ दगडी हत्ती दिसला म्हणून त्यांनी बेटाला हत्तीचं नाव दिलं. इंग्रजांनी तो हत्ती १८६४ साली विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना तो पडला, फुटला, आणि शेवटी भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन उभा राहिला. म्हणजे ज्याच्या नावानं जगभरातले लोक बेटावर येतात तो हत्ती बेटावर नाही. त्याच्या लहान लहान प्रतिकृती मात्र पायऱ्यांवर विकायला मांडलेल्या असतात.

आता त्या रस्त्याकडे नीट पाहा. धक्क्यावर लाँच लागते. पुढे छोटी आगगाडी, तिचं तिकीट फाडणारा. मग कणसं, काकडी, कैऱ्या, ताक. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना दुकानं : माळा, टोप्या, दगडी हत्ती, पितळी नटराज. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खुर्चीची डोली आणि ती वाहणारे चौघे. डोक्यावर हंडा-कळशी घेऊन फोटोसाठी उभ्या राहणाऱ्या बाया. वर मार्गदर्शक, खाणावळी, शीतपेयांचे फ्रीज. बेटावरच्या बहुतेक घरांची चूल या एका रस्त्याच्या कुठल्या ना कुठल्या हातभर तुकड्यावर पेटते. आणि हा सगळा रस्ता सकाळच्या पहिल्या लाँचपासून संध्याकाळच्या शेवटच्या लाँचपर्यंतच जागा असतो. पाहुण्याला रात्री मुक्काम करता येत नाही. अंधार पडल्यावरची घारापुरी तुम्हीही पाहिलेली नाही, मीही नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये आपल्या शहरात एक्क्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं, मांडव उजळून निघाला होता, आठवत असेल. त्याच महिन्यात समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून घारापुरीला कायमची वीज पोचली. तोवर जनरेटरवर संध्याकाळचे तीन-साडेतीन तास दिवे. मुंबईचा झगमगाट रोज रात्री समोर दिसत असताना. त्या विजेच्या भरवशावर लोकांनी कर्ज काढून फ्रीज घेतले, दुकानं वाढवली. दोनच वर्षांनी, १७ मार्च २०२० ला, पुरातत्त्व खात्यानं देशभरातली संरक्षित स्मारकं बंद केली, आठवड्याभरात टाळेबंदी आली, आणि लाँच यायच्या थांबल्या.

होडी बंद होणं बेटाला नवं नव्हतं. दर सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात वाऱ्याचा इशारा आला की फेऱ्या थांबतात, आणि आषाढ-श्रावणात तसाही धंदा निम्म्यावर येतो. नोव्हेंबर २००८ मध्ये ताजवर हल्ला झाला तेव्हा गेटवेचा परिसरच बंद होता. पण या सगळ्या बंदीला शेवट दिसायचा. माणूस चार दिवसांची उधारी करतो, कारण पाचवा दिवस त्याला ठाऊक असतो. २०२० मध्ये पाचवा दिवस कोणालाच ठाऊक नव्हता. पुढे लेणी उघडली, आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली. त्या दुसऱ्या बंदीनं जास्त मारलं, असं मला तिथं ऐकायला मिळालं, कारण मधल्या महिन्यांत लोकांनी नवा माल भरला होता.

मी गेलो तो डिसेंबर २०२१ मध्ये. लाँचवर आम्ही अकरा माणसं, त्यातले चौघे बेटावरचेच, गॅस सिलिंडर आणि तांदळाची गोणी घेऊन परतणारे. परदेशी पाहुणा एकही नाही. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं मार्च २०२२ च्या शेवटी सुरू व्हायची होती. आपल्याला लेण्यांचं तिकीट चाळीस रुपये, परदेशी माणसाला सहाशे. पायऱ्यांवरच्या दुकानांचंही गणित साधारण तसंच चालतं. देशी पाहुणा चहा पितो, फोटो काढतो, हत्ती हातात घेऊन खाली ठेवतो. मीही तेच केलं असतं, पण त्या दिवशी लाज वाटली आणि दोन हत्ती घेतले.

अर्धी दुकानं निळ्या प्लास्टिकखाली बांधलेली होती. एका दुकानातल्या बाईंनी मला माळांचा एक घोस दाखवला. दोन पावसाळे खाल्लेला, दोरे कुजलेले, मणी पांढुरके पडलेले. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर आणलेला माल. उधारी मात्र जशीच्या तशी. पोट कशावर भरलं, असं मी विचारलं. शहरातल्या माणसानं विचारावा तसा तो प्रश्न होता, पण त्यांनी उत्तर दिलं. रेशनचा तांदूळ. ओहोटीला खडकावर जाऊन फोडलेली कालवं. खाजणातल्या चिंबोऱ्या आणि निवट्या. हे सगळं त्यांना सासूनं शिकवलेलं. सुनेला येत नाही, कारण ती येईपर्यंत गरज उरली नव्हती.

श्रोतेहो, इथं मला जरा थांबायचं आहे. घारापुरीचे लोक मुळात काही दुकानदार नव्हते. भातशेती होती, मासेमारी होती, बाजूला मिठागरांचा मुलूख होता. मग पूर्वेला, खाडीपलीकडे, १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. भराव पडले, मोठ्या जहाजांचे मार्ग आखले गेले, गाळ काढला गेला. आसपासच्या मच्छीमारांच्या तक्रारी हरित लवादापर्यंत गेल्या. इकडे समुद्र आखडत होता आणि तिकडे युनेस्कोनं १९८७ मध्येच लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिल्यामुळे पाहुणे वाढत होते. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? जाळं खुंटीला टांगून पायरीवर दुकान टाकेल. त्यात आळस नव्हता, लोभ नव्हता. तो साधा हिशेब होता. त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ अंगणात पाग विणत बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा. त्याला लेण्यांची माहिती इंग्रजीत आणि थोडीफार स्पॅनिशमध्ये घडाघडा सांगता येते. पाग फेकता येत नाही. बापाला पागायला येतं, पण खांदा साथ देत नाही. दोन वर्षं त्या घराची अडचण एवढीच होती.

जगात दुसरीकडेही असंच झालं. इंडोनेशियात बालीच्या शेजारी नुसा लेंबोंगान नावाचं लहान बेट आहे. तिथले लोक समुद्रात शेवाळाची शेती करायचे. पाहुणे वाढले तसे त्यांनी ती सोडून खोल्या बांधल्या, होड्या घेतल्या. २०२० मध्ये पाहुणे आटले तेव्हा हॉटेलात काम करणारी माणसं परत कमरेभर पाण्यात उतरून शेवाळ लावू लागली. त्यांना परत जायला शेत होतं. पाणी तेच होतं, बी मिळत होतं आणि हात अजून विसरले नव्हते. मालदीवनं तर जुलै २०२० च्या मध्यालाच दारं उघडली. ज्या देशाची मिळकतच पाहुण्यांवर उभी आहे त्याला रोगापेक्षा रिकामी बेटं जास्त भिववतात. घारापुरीला शेवाळाचं शेतही नव्हतं आणि दारं उघडायचा अधिकारही नव्हता.

निघताना त्या माळवाल्या बाईंनी विचारलं, कुठले तुम्ही? बडोद्याचे, म्हटलं. तिकडे समुद्र आहे का? नाही. मग तुमचं कशावर चालतं?

मी काहीतरी हसून वेळ मारून नेली. पण लाँचमध्ये बसल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण आपलं, म्हणजे या सभागृहात बसलेल्या निम्म्या घराण्यांचं, पाच-सहा पिढ्या एकाच गोष्टीवर चालत होतं. दरबारावर. कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी हुजुरातीत, कोणी कलावंत कारखान्यात. माझे आजोबा खानगी खात्यात होते. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आजी सांगायची, त्या उन्हाळ्यात घरात आंब्याची पेटी आली नाही, आणि आजोबा रोज सकाळी पगडी घालून ओट्यावर बसायचे, कुठंही जायचं नसताना. माझ्या वडिलांनी ते पाहिलं होतं. लेण्यांत मूर्तीसमोर अर्धा तास उभे राहणारे वडील त्या ओट्याविषयी कधी एक वाक्य बोलले नाहीत.

मग आपण तरलो कसे? आपण शहाणे होतो म्हणून, असं आपल्याला म्हणायला आवडतं. मला तसं वाटत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण केलं होतं, त्यामुळे घराघरात लिहिता-वाचता हात होता. आणि विलीनीकरणाच्या तोंडावरच, एप्रिल १९४९ च्या अखेरीस, इथं विद्यापीठ उभं राहिलं. माझे वडील त्याच्या कार्यालयात चिकटले. एक दार बंद होताना चालत जाण्याच्या अंतरावर दुसरं उघडलेलं होतं, हे आपलं नशीब. नशीब म्हणतो, पण ते कोणीतरी आधी चाळीस वर्षं बसून घडवलेलं होतं.

घारापुरीच्या मुलासाठी चालत जाण्याच्या अंतरावर काय आहे? मोठी शाळा, दवाखाना, बाजार, कचेरी, सगळं पाण्यापलीकडे. आणि पाहुण्यांची लाँच थांबली की त्याची स्वतःची वाटही आखडते. उरलेल्या होडीत डिझेल स्वतःचं. रात्री कोणाला कळ आली तर भरती-ओहोटी पाहूनच निघायचं. बेटावर पर्यटन वाढवा, सुंदर निवास बांधा, अशा योजना अधूनमधून वाचनात येतात. ज्या फांदीवर बसून माणूस पडला ती फांदीच जाड करायचा हा उपाय आहे. मला विचाराल तर पाहुणे असोत-नसोत, ठरल्या वेळी सुटणारी एक सरकारी होडी, उरणला जाणारी आणि तिथून येणारी, ही पहिली गरज. तिच्यात बसून मुलगी कॉलेजला जाईल, नर्स होईल, बंदरात नोकरी करील, आणि रविवारी हवं तर आईच्या दुकानात बसेल.

पुढेही संकटं यायची थांबली नाहीत. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा जीव गेले. पाठोपाठ लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन गेलो तेव्हा आम्ही दोघंही नारिंगी जॅकेट बांधून बसलो होतो. गर्दी परतली आहे, दुकानांवरचं निळं प्लास्टिक निघालं आहे. माळवाल्या बाई भेटल्या नाहीत, त्यांच्या जागी सून होती. नातवानं एका हत्तीची किंमत विचारली. तिनं सांगितली, आणि त्यानं घासाघीस सुरू केली. मी त्याचा हात दाबला.

दोन हत्ती आमच्या घरी कपाटात आहेत, तिसरा आज इथं टेबलावर आणून ठेवला आहे. जाताना ज्यांना पाहायचा असेल त्यांनी जरूर पाहावा.