चव कोणाच्या हातची?

(देवबाग इथे नाताळच्या सुटीपूर्वी झालेल्या बायकांच्या बैठकीतलं भाषण.)



नाताळ तोंडावर आला आहे. आता १ जानेवारी उलटेपर्यंत आपल्यापैकी कुणाला पाठ टेकायला सवड मिळणार नाही, म्हणून आजच बोलून घेऊ या. मला बोलायचं आहे ते मासे भाजण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, देवबागच्या बायकांना मासे भाजायला शिकवणारी ही कोण? मी शिकवायला उभी राहिलेली नाही. मीही तुमच्यासारखीच लग्न होऊन इथे आलेली, घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना देणारी. मला हिशेब मांडायचा आहे.

आपलं गाव म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. मासळी आणि माड यांवर आपल्या सासवांचे संसार झाले. मग तारकर्लीला पर्यटक यायला लागले, तिथून ते आपल्याकडे सरकले. कुणी ‘निवास न्याहारी’त नाव नोंदवलं, कुणी नुसतीच पाटी लावली. सुरुवातीला पाहुणे आपल्या पडवीत बसून जेवायचे. आता त्यांना नाताळचं आणि ३१ डिसेंबरचं जेवण उघड्यावर हवं असतं. माडाखाली दिवे लावायचे, वाळूत खुर्च्या मांडायच्या आणि लोखंडी जाळीवर मासे भाजायचे. शहरात त्याला बार्बेक्यू म्हणतात. आपल्याकडे बांगडा निखाऱ्यावर टाकायला कुणी बाहेरून येऊन शिकवलं नव्हतं, पण तो पैसे देऊन खायचा मेजवानीचा पदार्थ झाला, हे मात्र नवं आहे.

बारा माणसांची अशी एक मेजवानी घेऊ. मासळी बहुतेक घरांत पुरुष आणतो, त्याचा दीड तास त्याच्या खात्यावर मांडा. विस्तव करणं आणि मासे भाजणं, त्याचे दोन तास. झाले साडेतीन. आता आपलं खातं. चोवीस बांगडे, सुरमई आणि सुंगटं साफ करायची, कापायची, धुवायची: दोन तास. नारळ खोवायचे, वाटप करायचं, मसाला लावून ठेवायचा: दीड तास. भात, तिखलं, सोलकढी आणि बारा जणांच्या तांदळाच्या भाकऱ्या: अडीच तास. अंगण झाडायचं, पाणी भरायचं, ताटं मांडायची: एक तास. वाढायचं, पुन्हा भाकरी भाजायची, कुणाच्या लेकराला बिनतिखटाचं वेगळं करायचं: दोन तास. सगळे झोपल्यावर भांडी आणि ती मसाला करपलेली जाळी घासायची: आणखी दोन. झाले अकरा. हे अकरा तास एकीचे किंवा सासू-सुनेचे मिळून.

जेवण झाल्यावर पाहुणे काय म्हणतात? “काकांच्या हाताला काय चव आहे हो!” काकांसोबत फोटो काढतात. काकी मागच्या दारी राख घेऊन बसलेली असते.

मला काकांचा राग नाही. त्यांनी भाजूच नये असंही माझं म्हणणं नाही. पुरुष विस्तवाशी उभा राहतो याचा मला आनंदच आहे. त्याने चार पावलं आत येऊन भाकरीही थापावी. प्रश्न असा आहे, की रोज रात्री घरातल्या चुलीवर तोच बांगडा भाजणारा हात बाईचा असतो, आणि तीच आग अंगणात गेली, भोवती माणसं जमली, मोल मिळालं, की तिचा मालक पुरुष कसा होतो?

हे फक्त आपल्याकडेच नाही. घरातला रोजचा स्वयंपाक बाईने करायचा आणि लग्नाच्या मांडवात मोठ्या पातेल्यावर मजुरी घेणारा आचारी पुरुष असायचा, हे आपण लहानपणापासून पाहिलं. अमेरिकेतही सुटीच्या दिवशी अंगणातल्या जाळीपाशी बाप उभा आणि आत कोशिंबिरी चिरणारी, मांस मुरवून ठेवणारी आई, हेच चित्र वर्षानुवर्षं मासिकांतून आणि जाहिरातींतून दाखवलं गेलं. म्हणजे यात मालवणी स्वभावाचा दोष नाही. आतलं काम आणि बाहेरचं काम अशी जी वाटणी झाली, तिचा हा भाग आहे.

कुणी म्हणेल, बाईच्या रांधण्याला मान नाही असं कसं? आपल्याच तालुक्यात आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा आहे. जत्रेच्या दिवशी आंगणे कुटुंबांतल्या बायका उपवास धरून, तोंडातून शब्द न काढता देवीचा प्रसाद रांधतात आणि त्यासाठी लाखो माणसं येतात. मान आहे, खराच आहे. पण बघा, बाईचं रांधणं देवासाठी असलं की पवित्र, घरासाठी असलं की कर्तव्य. दोन्हीकडे मोबदल्याचा प्रश्न येत नाही. जिथे मोबदला येतो तिथे मात्र ती मागे सरकते. आपलं बोट ठेवायचं आहे ते नेमकं या जागेवर.

आचऱ्याची गावपळण तुम्हाला माहीत आहे. काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल घेऊन सगळं गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतं. झोपड्या घालायच्या, तीन दगडांची चूल मांडायची, भजनं म्हणायची, पत्ते खेळायचे. तिथे गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीला मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, “गाव सोडलंव, पण चूल काय सुटली नाय.” जागा बदलली तरी काम कुणाचं ते ठरलेलंच. सुटी हा शब्द बाईला लागू व्हायचा तर आधी तिचं काम दिसायला हवं.

ते किती दिसत नाही, याचे सरकारी आकडेही आहेत. २०२४ सालच्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात असं निघालं, की घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं बिनमोल घरकामात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. आपल्याकडे हे आणखी अवघड होतं. आपलं घर हेच दुकान. पाहुण्यासाठी केलेली भाकरी आणि पोरासाठी केलेली भाकरी एकाच तव्यावरची. म्हणून तिचाही हिशेब कुणी करत नाही. एका शहरी एजंटाने मला सांगितलं होतं, “ताई, घरगुती जेवण आहे, त्याचा एवढा काय दर?” शेजारच्या काकूही म्हणाल्या, “रांदुचा तां काय मोजूचा काम, गो?” होय, मोजायचं काम. हॉटेलवाला जेव्हा ‘घरगुती चव’ अशी पाटी लावून जास्त पैसे घेतो, तेव्हा तो आपलंच काम मोजत असतो.

आता धुराकडे येते. पाहुण्यांना ‘चुलीवरचं’ हवं असतं. त्यांना धुराचा वास एका रात्रीपुरता गोड लागतो. आपण तो आयुष्यभर घेतला आहे. घरातल्या चुलींच्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपाशी बसणाऱ्या बाया आणि त्यांच्या मांडीवरची पोरं यांना तो सगळ्यात जास्त भोवतो. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, पुष्कळ घरांत सिलिंडर पोचला. आणि आता पर्यटनाच्या हौसेपायी आपण पुन्हा चूल पेटवतो आहोत. पेटवू नका असं मी म्हणत नाही, त्यावर आपलं पोट आहे. पण चूल बंद खोलीत नको. आणि चुलीवरच्या जेवणाचा दर गॅसवरच्यापेक्षा जास्त हवा, कारण त्यात आपली छाती आणि डोळे खर्ची पडतात.

जाळीच्या विस्तवालाही अक्कल लागते आणि ती आपल्यापाशी आहे. सोडणं धुमसतात, धूर करतात. ती पेटवण्यापुरती वापरावीत. भाजायला करवंट्या उत्तम. ज्वाळ बसून निखाऱ्यावर पांढरी राख चढली की मगच जाळी ठेवायची. नव्या पोरांना घाई असते, ती जाळावरच मासा टाकतात. मग तो वरून काळा आणि आतून कच्चा राहतो. रॉकेल ओतायचं नाही, वासही लागतो आणि भडका उडाला तर अंगावरच येतो. बांगडा तेलकट, त्याला वेगळं तेल फारसं लागत नाही. सुरमईची तुकडी सुकते, ती केळीच्या पानात गुंडाळावी. मसाला पातळ लावावा, जाड थर आधी करपतो. जाळी तापवून तेलाचा हात फिरवावा आणि मासा स्वतः सुटेपर्यंत उलटू नये. रात्री आपल्याकडे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणून विस्तव समुद्राच्या अंगाला आणि माणसं जमिनीच्या अंगाला बसवावीत. धूर पाण्यावर जातो. सुकी झापं आणि चुडतं लांब ठेवावीत, पाण्याची बादली जवळ आणि पदर खोचलेला. हे सगळं आपल्याला येतं. मग जाळीपाशी आपण का उभं राहायचं नाही? पाहुण्यांसमोर बायलमाणसाने कशाला, असं घरातले म्हणतील. वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बायका मांडवीच्या खाडीत स्वतः होडी वल्हवतात आणि पर्यटकांना कांदळवन दाखवतात. होडीचं वल्हं बाईच्या हातात चालतं, तर चिमटा का नाही?

एक जुनी गोष्ट सांगते. आपल्या कोकणातले हजारो पुरुष मुंबईच्या गिरणीत गेले, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. दिवसाला किती ताटं वाढायच्या! पण त्यांना उद्योजक कुणी म्हणत नव्हतं, बँक दारात उभी करत नव्हती, आणि त्या सावकाराच्या व्याजात बुडायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज त्या बायकांच्या स्वतःच्या नावावर मिळवलं. त्यांच्या आमटीची चव आधीही तीच होती. बदललं ते कागदावरचं नाव.

म्हणून चवीइतकंच आपण नावाकडे बघू या. खोल्यांची नोंदणी कुणाच्या नावावर आहे? अंगणात लावलेला तो क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा? पूर्वी पाहुणे जाताना नोटा काकीच्या हातात ठेवायचे, त्यातली एखादी तरी डब्यात राहायची. आता पैसे फोनवरून सरळ मालकाच्या खात्यात जातात आणि मीठ आणायलाही आपण त्याच्याकडे मागतो. घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नवरा-बायको दोघांच्या नावे लावावं, असं शासनाने २००३ सालीच सांगितलं आहे. किती घरांवर आपली नावं चढली? २०२३ साली राज्याने पर्यटनासाठी ‘आई’ धोरण आणलं. त्यात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या बाईच्या पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. पण अट अशी, की व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा आणि तो तिनेच चालवायला हवा. चालवतो तर आपणच. मालकीच्या रकान्यात मात्र दुसऱ्याचं नाव असतं.

या हंगामात तीन गोष्टी करून बघू या. पहिली, एक वही घाला. मेजवानीच्या दिवशी कुणी किती तास काम केलं ते घड्याळ बघून लिहा, पुरुषाचेही तास प्रामाणिकपणे लिहा. दुसरी, वाडीतल्या बायकांनी एकत्र बसून जाळीवरच्या जेवणाचा एक किमान दर ठरवा. मासळी, नारळ, करवंट्या आणि त्यावर आपले तास. एकीने दर पाडला तर दुसरीचं मोल पडतं, हे मासळी विकणाऱ्या बाईला सांगायला नको. तिसरी, निदान जेवणाचे पैसे स्वतःच्या खात्यात घ्या. बँकेत खातं आहे, फोन आहे. कोड आपल्या नावाचा काढून घ्यायला लेकीची मदत घ्या.

घरात कुरबुर होईल. “आता नवऱ्याकडून हिशोब घेतलंस?” असं ऐकावं लागेल. भांडू नका, वही पुढे ठेवा. अकरा आणि साडेतीन हे आकडे कुणालाही वाचता येतात. आणि घरातला मुलगा ते वाचून भाकरीचं पीठ मळायला बसला, तर त्याला बसू द्या, वेडीवाकडी झाली तरी हसू नका.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरेल. तेव्हा आपण सगळ्याजणी वह्या घेऊन पुन्हा जमू. त्या दिवशीही जाळी मांडू, पण वाढायला पुरुषांना सांगू. आपण बसून जेवू, गरम असतानाच.