डॅगनम ते वरळी : सरकारी घरांची गोष्ट
(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आजचा निधी मुंबईतल्या एका पुनर्वसन वसाहतीतल्या मुलांच्या अभ्यासिकेसाठी आहे, हे आपल्याला माहीत आहेच. पण "सरकार तिथे फुकट घरं देतंय, मग आपले पौंड कशाला?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. म्हणून आज थोडं सरकारी घरांबद्दल बोलतो.

पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ साली इथे ॲडिसन कायदा झाला. सैनिकांना आणि कामगारांना राहण्याजोगी घरं कौन्सिलांनी बांधून द्यायची, असं ठरलं. त्यातून १९२१ पासून डॅगनमला बेकंट्री वसाहत उभी राहिली. सुमारे २६ हजार घरं. घरातच संडास, न्हाणीघर आणि अंगणात बाग.

नेमक्या त्याच सुमारास, १९२० साली, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी मुंबईत 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' काढलं. आपल्या बीडीडी चाळी त्या ह्याच! खर्चासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. बेत ५० हजार खोल्यांचा होता, झाल्या १६ हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. मजल्यावर वीस खोल्या, मधून पॅसेज, संडास सामायिक आणि खोली १६० चौरस फुटांची. राजा एक, वर्षं तीच. पण डॅगनमच्या कामगाराला बाग मिळाली आणि वरळीच्या कामगाराला एक खोली. तरी त्या खोल्यांनी गिरणगाव सांभाळलं, हेही तितकंच खरं.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने काय केलं? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूंना आधार मिळाला, पण मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. १९७१ साली झोपडपट्टी कायदा आला, १९७७ साली म्हाडा स्थापन झाली. म्हाडाने मध्यमवर्गाला आणि कामगारांना घरं दिली. सोडतीच्या निकालाकडे डोळे लावून बसलेलं एखादं घर आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असेल! पण मागणीच्या मानाने घरं थोडीच पडली.

मग १९९५ साली मोठी घोषणा झाली : ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरं. त्यासाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए आलं. योजना हुशारीची होती. सरकारने पैसे द्यायचेच नाहीत. बिल्डरने झोपडीवासीयांना फुकट घर बांधून द्यायचं, त्याबदल्यात त्याला जादा एफएसआय मिळणार आणि त्यातली घरं तो बाजारभावाने विकणार. घर सुरुवातीला २२५ चौरस फुटांचं होतं, पुढे ते ३०० पर्यंत गेलं. पण यात एक मेख आहे. जिथे जागेला सोन्याचा भाव, तिथेच बिल्डर येतो. बाजार पडला की काम थांबतं, आणि झोपडी सोडून गेलेली कुटुंबं संक्रमण शिबिरात नाहीतर भाड्याच्या खोलीत अडकतात. तीन दशकं झाली, तरी ठरवलेल्यातली निम्मी घरंसुद्धा उभी राहिलेली नाहीत. शिवाय १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तरच घर मोफत. त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्यांना पैसे भरावे लागतात, आणि त्याही नंतरचे यादीतच नाहीत.

आता चांगली बातमीही सांगतो. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाने स्वतः हाती घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांनी का होईना, १६० चे ५०० झाले!

पण मंडळी, किल्ली मिळाली म्हणजे काम संपलं असं नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सिस्टीम बनवण्यापेक्षा ती पुढे चालवण्यावर जास्त खर्च होतो. इमारतीचंही तसंच. चाळीत लिफ्ट नव्हती, पंप नव्हता. टॉवरमध्ये दर महिन्याला मेंटेनन्स भरावा लागतो, आणि कमाई मात्र तीच राहते. ती वाढायची तर मुलं शिकली पाहिजेत. तीनशे फुटांत पाच माणसं आणि एक टीव्ही असेल, तर दहावीचा अभ्यास कुठे करायचा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षं राहिले. १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना ते १०, किंग हेन्रीज रोडला राहत. हे घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं आणि आज तिथे स्मारक आहे. आपल्यातले बरेच जण तिथे जाऊन आलेत. चाळीतून तिथवरची वाट अभ्यासाची होती.

इथल्या सरकारनेही सगळं जमवलेलं नाही बरं का! १९८० च्या कायद्याने कौन्सिलची घरं भाडेकरूंना सवलतीत विकायला सुरुवात झाली. इंग्लंडमध्ये सुमारे २० लाख विकली गेली, त्या प्रमाणात नवी बांधली नाहीत. आज सुमारे १३ लाख कुटुंबं प्रतीक्षायादीत आहेत. तेव्हा घरं बांधणं हे सरकारचंच काम, ते आपण त्याच्याकडून मागत राहायचं. दानधर्मातून मुंबईचा घरांचा प्रश्न सुटणार नाही, तसा दावाही मी करत नाही.

मात्र एक स्वच्छ खोली, दिवे, टेबलं, पुस्तकं आणि संध्याकाळी शिकवायला एक माणूस, एवढं आपल्या आवाक्यात आहे. सरकारी योजनेत हा रकाना रिकामाच राहतो. तो आपण भरूया. देणगीचा फॉर्म याच पुस्तिकेच्या शेवटी आहे; घरी जायच्या आधी कृपया भरून द्यावा.